एकरभर पाऊस, ५०० टन कोळसा

तुम्ही हिंगोलीत उभे आहात. इथून अरबी समुद्र सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, बंगालचा उपसागर त्याहूनही लांब. गावागावांत अशी म्हातारी माणसं भेटतात ज्यांनी समुद्र डोळ्यांनी पाहिलेला नाही. तरीही खारं पाणी गोडं करायला किती आग लागते, हे नीट समजून घ्यायची गरज कुणाला असेल तर ती आपल्याला आहे. का, ते कळण्यासाठी आज काळात मागे जायचं आहे. सोबत काही घेऊ नका. तहान तेवढी असू द्या.

१३वं शतक : औंढ्याच्या वाटेवर

पायाखाली काळी, भेगाळलेली माती. पुढे टेकड्यांच्या कुशीत औंढा नागनाथ. देवगिरीवर यादवांचं राज्य आहे आणि चैत्राचं ऊन चढत चाललं आहे. वाटेवरच्या एका पडवीतून धूर येतो, म्हणून तुम्ही आत डोकावता.

एक वैद्य चुलीपुढे बसला आहे. चुलीवर मातीचं मडकं. त्याच्या गळ्यापासून एक नळी तिरपी खाली उतरलेली, तिचं दुसरं टोक दुसऱ्या मडक्याच्या पोटात. हे दुसरं मडकं गार पाण्यात बसवलेलं. सांधे मातकापडाने लिंपलेले. वैद्य अधूनमधून ओलं बोट सांध्यावरून फिरवतो आणि भेग लागली की चिमूटभर चिखल दाबून बसवतो. वाफेला फट सापडली तर दिवसभराची आग वाया जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

हे तिर्यक्पातन यंत्र. ‘रसरत्नसमुच्चय’ या १३व्या-१४व्या शतकातल्या रसग्रंथात त्याची रचना दिलेली आहे. एका भांड्यात तापवायचं, वाफ नळीतून न्यायची, दुसऱ्या भांड्यात गार करून पुन्हा द्रव करायची. मळ मागे राहतो, शुद्ध तेवढं पुढे जातं. शाळेत आपण ऊर्ध्वपातन म्हणून शिकलो ते हेच, आणि पुढे समुद्रकाठी माणसाने ज्या ज्या भट्ट्या उभारल्या त्यांचा गाभाही हाच.

“यात पाणी का घालत नाही?” तुम्ही विचारता.

“पाण्यासाठी एवढं सरपण जाळायचं?” वैद्याला तुमचा प्रश्नच कळत नाही. “मग बारव कशाला बांधली?”

त्याच्या मडक्यात पारा आहे. तो सहज मिळत नाही, म्हणून त्याच्यासाठी लाकूड जाळणं परवडतं. समुद्राच्या पाण्याची वाफ गोडी असते हे त्याच्याही दीड हजार वर्षं आधी ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं होतं. ज्ञान जुनंच आहे. अडतं ते सरपणापाशी.

जानेवारी १८६८ : झुला, तांबड्या समुद्राचा किनारा

आता डोळ्यांत वाळू जाते. नाकात कुजलेल्या जनावरांचा वास. हा आजच्या एरिट्रियाचा किनारा. ॲबिसिनियाचा सम्राट थिओडोर याने इंग्रजांची माणसं कैदेत टाकली आहेत, आणि त्यांना सोडवायला रॉबर्ट नेपियरच्या हाताखाली मुंबईहून फौज आली आहे. सुमारे १३ हजार सैनिक, त्यांच्या मागे हमाल, खेचरवाले, भिस्ती यांचा त्याहून मोठा लवाजमा, आणि हजारोंनी जनावरं. मुंबई फौजेच्या पलटणींतले कोकणातले मराठे आणि महार शिपाई इथे वाळूत तंबू ठोकून बसले आहेत. तुमच्या खांद्यावर कातडी पखाल आहे. तुम्ही भिस्ती आहात.

या किनाऱ्यावर गोडं पाणी नाही. डोंगराच्या पायथ्याशी कुमायली नावाच्या जागी विहिरी आहेत, पण त्या सुमारे २० किलोमीटर दूर. आधी उतरलेल्या तुकड्यांची खेचरं पाण्यावाचून तडफडून मेली, त्यांचाच हा वास. म्हणून आता खाडीत नांगरलेल्या आगबोटी समुद्राचं पाणी उकळत उभ्या आहेत. त्यांची गोडी धार किनाऱ्यावरच्या टाक्यांत येते, आणि टाकीपाशी पहारा आहे.

पखाल भरायची तुमची पाळी यायला वेळ आहे, तेवढ्यात तुम्ही एका बोटीवर चढून खाली उतरता. खाली अंधार आणि अंग भाजणारी धग. भट्टीच्या तोंडाशी रत्नागिरीकडचा एक खलाशी फावड्याने कोळसा लोटतो आहे. बॉयलरमधली वाफ जाड नळीतून बाहेर पडते, नळी वेटोळी होऊन गार समुद्रपाण्याच्या टाकीत बुडते, आणि वेटोळ्याच्या शेवटच्या तोंडातून पाणी पडत राहतं. तुम्ही ओंजळ धरता. पाणी कोमट आहे. त्याला चव अशी नाहीच, वर धुराचा आणि तेलाचा वास. विहिरीच्या पाण्याला जी चव असते ती त्यात विरघळलेल्या क्षारांची आणि हवेची. इथे दोन्ही गेलेले. म्हणून काही ठिकाणी हे पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओततात, निदान हवा तरी मिसळावी.

“कुठचे तुम्ही?” खलाशी विचारतो.

“हिंगोली.”

“म्हणजे घाटावरचे. निजामाकडचे.” तो घाम पुसतो. “गाववाले, आपण इथे पाणी पीत नाय. कोळसा पितो. कोळसा सरला की पाणी सरलं.”

त्याचं बोलणं शब्दशः खरं आहे. ३० अंशांचं पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळपास आठपट उष्णता तेच उकळतं पाणी पूर्ण वाफ व्हायला घेतं. या काळात तापमान वाढत नाही, नुसती आग खर्ची पडत राहते. १७६०च्या सुमारास जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने हा अप्रकट उष्मा ओळखला. वसमतकडच्या हळदवाल्या शेतकऱ्याला पुस्तक न वाचताही त्याचा अंदाज असतो. हळद शिजवायच्या कुकरमधून वाफ सुटायला लागली की खरं सरपण तिथून पुढे लागतं.

साध्या बॉयलरमध्ये एक किलो कोळसा जाळला की हाती साधारण सात लिटर गोडं पाणी येतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे. माणसाला दिवसाला पाच लिटर दिलं तर पाऊण किलोच्या आसपास कोळसा जातो. खेचराला २५ लिटर, म्हणजे साडेतीन किलो. आणि किनाऱ्यावर हत्ती आहेत. या मोहिमेत एकूण ४४ हत्ती आणले होते, तोफा वाहायला. एक हत्ती दिवसाला दीडशे लिटर तरी पितो. तुम्ही पखाल रिकामी करता, सोंड भांड्यात जाते, भुर्रकन आवाज होतो आणि दिवसभरात २० किलो कोळसा एका जनावराच्या पोटात उतरतो.

खलाशाचं काम कोळसा लोटून संपत नाही. समुद्राच्या एका लिटरमध्ये ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. पाणी वाफ होऊन गेलं की ते मीठ बॉयलरमध्ये साचतं, चुन्याचा टणक थर धातूला धरतो, आणि थर चढला की तेवढ्याच पाण्याला आणखी कोळसा लागतो. मग दाट झालेलं खारं पाणी वारंवार बाहेर सोडायचं, भट्टी थंड झाली की आत शिरून हातोडीने थर खरवडायचा. त्याच्या बोटांवरच्या पांढऱ्या चिरा त्या कामाच्या आहेत.

१३ एप्रिलला मॅग्डालाचा किल्ला पडेल, मोहिमेचा खर्च ८० लाख पौंडांच्या वर जाईल, नेपियरचा सत्कार होईल. इतिहासात खलाशाचं नाव नाही. पण ती फौज किनाऱ्यावर जगली ती त्याच्या फावड्यावर. मुंबई इलाख्याचाच भाग असलेल्या एडनमध्येही याच काळात समुद्र उकळून पाणी पुरवलं जात होतं.

१८७२ : लास सालिनास, आजचा चिली

इथे फार वेळ थांबायचं नाही, पण हे बघितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अटाकामाच्या वाळवंटात सोरा वाहणाऱ्या खेचरांना पाणी हवं आहे आणि जमिनीतलं पाणी खारं आहे. चार्ल्स विल्सन नावाच्या अभियंत्याने लाकडी उथळ हौद मांडून त्यांवर उताराच्या काचा बसवल्या आहेत. हौदातलं खारं पाणी उन्हाने तापतं, वाफ काचेला लागून थेंब होते, थेंब घरंगळत कडेच्या पन्हाळीत उतरतो. कोळसा नाही, भट्टी नाही. साडेचार हजार चौरस मीटरच्या आसपास काच आणि दिवसाला २० हजार लिटरहून जास्त पाणी.

तुम्ही मनात हिशेब करा: चौरस मीटरला दिवसाकाठी चार-पाच लिटर. ऊन फुकट आहे, पण ते सावकाश काम करतं आणि त्याला जागा लागते. खूप पाणी हवं तर खूप मोठं छत हवं.

मे १९७३ : कयाधूकाठ

परत आपल्या मुलखात. हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातला तालुका आहे. पावसाने ओळीने दगा दिलेला आहे. कयाधूच्या पात्रात झिरे खणलेले, प्रत्येक झिऱ्यापाशी एक बाई वाटीने पाणी उपसत बसलेली. वाटी भरते, ती घागरीत रिकामी होते, मग झिरा पुन्हा पाझरेपर्यंत थांबायचं.

तुम्ही पाझर तलावाच्या कामावर आहात. उन्हात माणसांची रांग लागली आहे. खणणारे पुरुष, टोपली वाहणाऱ्या बाया, खडी फोडणारी पोरं. या महिन्यात महाराष्ट्रभर अशा दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं आहेत. घरी लाल मिलोची भाकरी, कामावर सुकडी.

“नुसतं बघायलाव का?” एक म्हातारी डोक्यावरचं टोपलं सावरत म्हणते. “उचला की.”

तुम्ही टोपलं उचलता. मुरमाने भरलेलं, मान दबते. बांधावर नेऊन रितं करायचं, परत यायचं.

“आजी, पाणीच नाही तर तलाव कशाला?”

“पडंल तव्हा?” ती थांबतही नाही. “पडंल तव्हा धरायला काय हाय आपल्याकडं?”

झुल्याच्या भट्टीपाशी सुरू झालेल्या विचाराला इथे उत्तर मिळतं. हिंगोलीला येणारा प्रत्येक थेंब समुद्राचंच ऊर्ध्वपातन केलेलं पाणी आहे. समुद्राचा पृष्ठभाग ही भट्टी, सूर्य ही आग, आणि वर चढत गेलेली हवा हे वेटोळं. हवा किलोमीटरभर वर गेली की पाच ते दहा अंशांनी गार होते, बाष्प धुळीच्या कणांवर थेंब धरतं, मीठ मागे समुद्रातच राहतं. विल्सनला चौरस मीटरला चार-पाच लिटर मिळवायला काच मांडावी लागली. आपल्या छताला कडाच नाहीत. मोसमी वारा ते पाणी शेकडो किलोमीटर वाहून आणून आपल्या शेतावर टाकतो.

ज्या वर्षी वारा रुसतो त्या वर्षी काय होतं, ते तुम्ही वाटी घेऊन बसलेल्या बाईच्या हातात पाहिलं. आणि ज्या वर्षी तो भरभरून येतो त्या वर्षी आपण काय करतो, हा प्रश्न म्हातारीने विचारून ठेवला आहे. याच दुष्काळाच्या अनुभवावर महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला आणि तो १९७९ पासून अमलात आला. त्या काळात बांधलेल्या कितीतरी पाझर तलावांच्या भिंती अजून उभ्या आहेत.

२१व्या शतकाची सुरुवात : तुर्भे, मुंबई

भाभा अणुसंशोधन केंद्र. पाठीशी टेकडी, पुढे खाडी. इथे एका खोलीएवढ्या बंद टाकीत समुद्राचं पाणी उकळतं आहे, पण तुम्ही टाकीच्या अंगाला हात लावला तर चटका बसत नाही. टाकीतली हवा पंपाने खेचून घेतली आहे. दाब घटला की पाणी ४० अंशांच्या आसपासही उकळतं. लागणारी उष्णता सायरस अणुभट्टीने टाकून दिलेली, एरवी खाडीत जाणारी. दिवसाला ३० हजार लिटर शुद्ध पाणी, तेही वाया जाणाऱ्या आगीवर.

लक्षद्वीपमध्ये कवरत्ती बेटावर २००५ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने हाच विचार आणखी पुढे नेला. वरचं कोमट समुद्रपाणी कमी दाबात उकळायचं आणि साडेतीनशे मीटर खोलीवरून खेचलेल्या गार पाण्याने ती वाफ थिजवायची. दिवसाला एक लाख लिटर.

जगात आता नवे मोठे कारखाने बहुतेक उकळतच नाहीत. दाब देऊन पाणी बारीक पडद्यातून गाळतात. तेच आपल्या गावातलं ‘फिल्टरचं पाणी’. एक लिटर समुद्रपाण्याची साधी वाफ करून पाणी करायला विजेचं ०.७ युनिट लागतं. पडद्याने गाळलं तर हजार लिटरला तीन-चार युनिट पुरतात. फरक प्रचंड आहे. पण गावातल्या छोट्या यंत्रातून निम्मं किंवा त्याहून जास्त पाणी दाट खारं होऊन गटारात जातं, हेही डोळ्यांसमोर राहू द्या. सरपण वाचवण्याची ही सगळी धडपड सात शतकांची आहे: लाकूड, कोळसा, ऊन, टाकलेली उष्णता, दाब. फुकट मात्र काहीच झालेलं नाही.

आता : हिंगोली

तुम्ही आपल्या काळात परत आला आहात. जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेआठशे-नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ४,०४७ लिटर. साडेआठशे मिलिमीटर म्हणजे ३४ लाख लिटरहून जास्त. आता खलाशाचा आकडा काढा: किलोला सात लिटर. एका एकरावर पडणारा पाऊस झुल्याच्या भट्टीत करायचा तर ५०० टनांच्या जवळपास कोळसा जाळावा लागेल. तुमच्या पाच एकरांच्या वावरावर दरवर्षी अडीच हजार टन कोळशाचं काम होऊन पडतं, आणि त्यातलं बरंचसं ओढ्याने कयाधूत, कयाधूतून पैनगंगेत, वर्धा आणि प्राणहितेतून गोदावरीत आणि तिथून थेट बंगालच्या उपसागरात जाऊन पुन्हा खारं होतं.

जे थांबतं त्यावरही ऊन आहेच. मे महिन्यात उघड्या पाण्यावरून रोज १० मिलिमीटरच्या आसपास थर उडून जातो. एक एकर पसरलेल्या तळ्यातून दिवसाला ४० हजार लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे चार टँकर. आपल्याकडच्या पाण्याची ही वाफ दुसऱ्याच्या रानावर पाऊस पाडायला निघून जाते. म्हणून उथळ, पसरट साठ्यापेक्षा जमिनीत मुरवलेलं पाणी जास्त आपलं.

मुरवण्यातही जपून वागावं लागतं. आपल्याखाली काळा बेसाल्ट आहे. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि दगडाच्या भेगांत, तेवढ्याच जागेत. पावसाचं पाणी तिथे उतरतं तेव्हा शुद्ध असतं; खडकात वर्षानुवर्षं राहिलं की क्षार विरघळून जड होतं. मग आपण शेकडो फूट बोअर मारून ते जुनं, क्षाराचं पाणी वर काढतो आणि ते पिण्याजोगं करायला पुन्हा वीज जाळतो. समुद्राने फुकट करून दिलेलं काम खडकात बिघडू द्यायचं आणि मग पैसे मोजून दुरुस्त करायचं, असा हा व्यवहार आहे. उथळ विहिरीत दरवर्षी नवं पाणी भरलं तर त्यातला बराच खर्च वाचतो.

माझं सांगणं एवढंच आहे. मराठवाड्याला पाण्याची टंचाई आली की समुद्राचं पाणी गोडं करून आणण्याच्या योजना बोलल्या जातात. किनाऱ्यावरच्या शहरांना त्याची गरज आहे आणि तिथे ते जरूर व्हावं. पण साडेचारशे किलोमीटर नळ टाकून, दख्खनच्या पठारावर चारशे-पाचशे मीटर पाणी चढवून इथे आणण्याआधी, आभाळातून येणाऱ्या त्याच पाण्याचा हिशेब गावाने केलेला असावा. पाझर तलावातला गाळ काढणं, वावरात बांधबंदिस्ती आणि समतल चर, ओढ्यावरच्या बंधाऱ्याची गळती बुजवणं, विहिरीचं पुनर्भरण: हे सगळं जुनं आणि माहितीचं आहे. नवी गोष्ट फक्त ती किंमत, जी आपण कधी मोजली नव्हती.

घरापासूनच सुरुवात करता येते. हजार चौरस फुटांच्या छतावर साडेआठशे मिलिमीटर पाऊस म्हणजे ७९ हजार लिटर. गळती, उडून जाणं, पहिल्या एक-दोन पावसांचं धुण्याचं पाणी हे सगळं वजा केलं तरी ६० हजार लिटर हाती लागतं. झुल्याच्या हिशेबाने साडेआठ टन कोळसा. त्यासाठी लागते एक पन्हाळी, खाली उतरणारा पाइप, खडी-वाळूची गाळणी आणि आड, बोअर किंवा टाकी यांपैकी एक. रोहिण्या बरसण्याआधी एका रविवारी गवंडी बोलवा आणि पन्हाळी लावून घ्या.